धरमपेठेतली गल्ली बिल्डरने बदलली नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडला लागून असलेल्या तुमच्या गल्लीत लहानपणी चौदा बंगले होते. आज राहतं घर तुमचं एकट्याचंच उरलंय. बाकी सगळीकडे बँक, दवाखाने, पॅथॉलॉजी, क्लासेस, शोरूम. बिल्डरांनी ही गल्ली गिळली कशी, त्यांना परवानगी दिली कोणी, आणि आता तुम्ही काय करायचं?

प्रश्नात ‘बिल्डर’ हा शब्द तीनदा आलाय, म्हणून आधी तेच बोलतो. मी पस्तीस वर्षं नागपुरात इमारतींचे नकाशे काढतोय. धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली, शंकरनगर या भागातले पुष्कळ बंगले पाडायच्या आधी मी आतून पाहिलेत, आणि त्यांच्या जागी जे उभं राहिलं त्यातलं काही माझ्याच टेबलावरून गेलंय. त्यामुळे मी काही तटस्थ साक्षीदार नाही. पण एवढं खात्रीने सांगतो की बिल्डर या गोष्टीत शेवटून दुसऱ्या अंकात येतो. तो येतो तोवर गल्ली आतून बदललेली असते, आणि ती बदललेली असते घरातल्या माणसांच्या हिशोबाने.

या भागातल्या बहुतेक जुन्या बंगल्यांचा नकाशा एकाच धाटणीचा. पन्नास बाय शंभरचा प्लॉट, कमरेइतकी कंपाउंड भिंत, लोखंडी फाटक, तीन पायऱ्यांचं उंच जोतं, पुढे छपरी, मध्ये बैठक, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. संडास अगदी मागच्या भिंतीला, कारण बांधलं तेव्हा सफाईची वाट मागच्या बोळातून होती. आंबा, कडुलिंब, सीताफळ. राहणारे कोण? वकील, प्राध्यापक, सचिवालयातले अधिकारी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे शहराची आखणी करणारी सरकारी संस्था, १९३६ च्या कायद्याने आला आणि शहराच्या कितीतरी भागांत लेआउट पाडून प्लॉट तीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. म्हणजे घर तुमचं, पण खालची जमीन भाडेपट्ट्याची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यासोबत फायली, टाइपरायटर, शेकडो कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडंही गेली. मागे राहिलेल्या मोठ्या घरांत भाडेकरू आले. इथे विदर्भाची एक खास गोष्ट आहे, जी मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगितली तर पटत नाही. आपल्याकडे सी. पी. अँड बेरारचा, म्हणजे त्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचा, १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा. घराचा भाग रिकामा झाला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि ती जागा एखाद्या सरकारी नोकराला द्या असा आदेश येऊ शकायचा. भाडेकरूला काढायची नोटीस द्यायची, तर त्यासाठीही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी. मग घरमालक काय करायचा? खोल्यांना कुलूप लावायचा. ‘भाचा शिकायला येऊन राहिला जी’ असं सांगायचा. मी सुरुवातीला एका बंगल्याचं मोजमाप घ्यायला गेलो, तर आठपैकी तीन खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप. आत कूलरचे सांगाडे आणि उंदीर. भाडं चाळीस रुपये यायचं आणि एकदा कौलं शाकारायला लागायचे त्याच्या कितीतरी पट. पन्नास वर्षं ही घरं आपल्याच दुरुस्तीचा खर्च कमावू शकली नाहीत. बंगल्यांच्या आठवणी काढणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण गळकं छप्पर फोटोत दिसत नाही.

पहिला धंदा आला तो छपरीत. कोणाकडे शिकवणी, कोणाकडे विम्याचा एजंट, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा संध्याकाळचा दवाखाना. त्याला कोणाचीच हरकत नव्हती, नियमालाही नव्हती. राहत्या घरात व्यावसायिकाने छोटं ऑफिस थाटणं पूर्वीपासून चालतं. मग गॅरेज. नव्वदच्या दशकात या गल्ल्यांमध्ये गॅरेजात गाडी कमी आणि एसटीडी-झेरॉक्स, ब्युटी पार्लर, टायपिंग जास्त होतं. गॅरेजाचं दार रस्त्याकडे उघडायचं, त्याला शटर लागलं. गल्लीचं वय मला विचाराल तर मी इमारती मोजत नाही, शटर मोजतो. पहिलं शटर लागल्यापासून पहिली मोठी इमारत उभी राहीपर्यंत माझ्या बघण्यात बारा-पंधरा वर्षं जातात. त्या काळात कोणाला काही बदलतंय असं वाटतच नाही.

खरा सांधा बदलला तो २००० च्या आसपास, आणि एकाच वेळी दोन बाजूंनी.

एक म्हणजे कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि आपला १९४९ चा आदेश इतिहासजमा झाला. नव्या कायद्याच्या कलम ३ मध्ये एक ओळ आहे, जी नागपूरच्या घरमालकांनी बायबलसारखी पाठ केली. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. याचा सरळ अर्थ असा झाला की जागा कुटुंबाला भाड्याने द्यायची तर धास्ती, आणि बँकेला दिली तर निर्धास्त. भाडं बाजारभावाचं, दर तीन वर्षांनी वाढ, करार संपला की जागा परत. अर्धशतक पोळलेल्या माणसापुढे हा पर्याय आला तर तो कोणाला निवडेल? तुमच्या गल्लीच्या तोंडावरची बँक अशीच आली असणार, हे मी न बघता सांगतो. बंगला पाडला नसेल. छपरी काचेने बंद केली असेल, बैठकीत काउंटर, देवघराच्या जागी स्ट्राँगरूम. असं एक काम मीच केलंय. घरच्या आजी वर माडीवर राहायच्या आणि सकाळी बँकेच्या शिपायाला चहा पाठवायच्या.

दुसरी बाजू रस्त्याची. त्याच सुमारास महापालिका आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या काळात शहरातले मोठे रस्ते रुंद झाले, अतिक्रमणं निघाली. लोकांनी कौतुक केलं ते योग्यच होतं. पण रस्ता रुंद होणं म्हणजे फक्त गाड्या सुसाट जाणं नव्हे. आपल्या नियमांमध्ये प्लॉटचं नशीब रस्त्याच्या रुंदीला बांधलेलं असतं. किती मजले, किती चटई क्षेत्र (सगळे मजले मिळून किती बांधता येईल), दुकान चालेल की नाही, हे सगळं समोर किती मीटर आहे यावर ठरतं.

तुमच्या ‘परवानगी कोणी दिली’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अमुक साहेबाने सही केली असं शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात दाट वस्तीबाहेर बारा मीटरपेक्षा कमी रस्त्यावरचा प्लॉट निवासी आर-एक, आणि बारा मीटर किंवा जास्त असला की आर-दोन. आर-दोनमध्ये दुकानं, ऑफिसं, बरंच काही बसतं. म्हणजे तुमच्या गल्लीसमोर पट्टी धरली आणि बारा मीटर भरलं, तर निवासी रंगात रंगवलेल्या नकाशावरही व्यावसायिक इमारत कायदेशीर आहे. लोक विकास आराखड्यावर पिवळा रंग बघून निश्चिंत होतात. रंग बघू नका, रस्ता मोजा.

त्यात आकड्यांचा कल कुठे आहे तेही बघा. पाच हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर मूळ निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० धरला तर साडेपाच हजार फूट. त्यावर जिना, बाल्कनी, पॅसेज वगैरेंसाठी अधिमूल्य, म्हणजे सरकारी शुल्क, भरून पूरक क्षेत्र मिळतं: निवासी वापराला साठ टक्के, अनिवासी वापराला ऐंशी. निवासी बांधलं तर आठ हजार आठशे, व्यावसायिक बांधलं तर नऊ हजार नऊशे. अधिमूल्याचा आणि टीडीआरचा, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेल्या बांधकाम हक्काचा, भाग वर वेगळा, आणि टीडीआर रस्त्याच्या रुंदीबरोबर चढतो. शिवाय उत्तर अंबाझरी रोडवरून मेट्रो गेली. लोकमान्यनगर ते सीताबर्डी हा टप्पा २८ जानेवारी २०२० ला सुरू झाला. मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या पाचशे मीटर पट्ट्यात जास्त बांधकामाची मुभा आहे, आणि धरमपेठेचा बराच भाग त्या पट्ट्यात येतो.

तरीही नुसता नियम बंगला पाडत नाही. चाळीस वर्षं दुकानाला पात्र असून न पाडलेले बंगले मी पाहिलेत. पाडायला लागतात वारस.

हा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण माझ्याकडे येणारी दहातली आठ कुटुंबं इथेच अडकलेली असतात. बंगला बांधला आजोबांनी. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. एक मुलगा पुण्यात, एक अमेरिकेत, एक इथे आईजवळ. आई आहे तोवर कोणी विषय काढत नाही. तेरावं झालं की पंधरा दिवसांत कोणीतरी माझा नंबर मागतो. पहिला प्रश्न ठरलेला: ‘वाटणी कशी पडेल?’ मी कागद काढतो. पन्नास बाय शंभर उभा चिरला तर दोन पट्ट्या पंचवीस बाय शंभरच्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मार्जिन सोडलं तर उरलं पंधरा फूट रुंद घर, आगगाडीच्या डब्यासारखं. आडवा चिरला तर पुढच्याला रस्ता आणि मागच्याला बोळ. पुढचा भाग कोणाचा? तिथून भांडण सुरू होतं. आणि हे दोघांत. पाच जणांत घर वाटताच येत नाही, फक्त पैसा वाटता येतो. घराचा पैसा करायचा म्हणजे विकायचं, किंवा बिल्डरसोबत जॉइंट व्हेंचर करून प्रत्येकी एक गाळा घ्यायचा.

मुलींच्या हिश्श्याबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो, की ‘२००५ पासून मुलींना हक्क आला आणि घरं मोडली’. आजोबांनी स्वतः कमावून बांधलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा बरोबरीचा हिस्सा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच होता. पण त्या कायद्यात कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मागण्याचा हक्क मुलीला तोवर नव्हता, जोवर मुलगे स्वतः वाटणी करत नाहीत. हिस्सा होता, मागता येत नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम निघालं. त्याआधी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन साडीचोळीत काम भागायचं. त्यानंतर बहीण विचारायला लागली, ‘माझ्या भागाचं काय?’ तिने विचारलं यात काही वावगं नाही. पण जो भाऊ आईजवळ राहून घर सांभाळत होता, त्याला बाकी चौघांचे हिस्से विकत घेण्याइतके पैसे जवळ नसतात. बँकेचं कर्ज राहत्या घरासाठी मिळेल तेवढं तिथल्या जमिनीच्या भावाला पुरत नाही. तेवढी रक्कम एकाच प्रकारचा गिऱ्हाईक देऊ शकतो: ज्याला तळमजल्यावर दुकान किंवा दवाखाना काढायचाय. बिल्डरचा प्रवेश इथे होतो. त्याला फोन बहुतेक वेळा घरच्यांनीच केलेला असतो.

मग पट्ट्याचं प्रकरण येतं. लीज संपलेली, नूतनीकरण केलेलं नाही, पट्ट्यावर ‘निवासी वापरासाठी’ असं लिहिलेलं, आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर) अजून आजोबांचंच नाव, मागे १९८० साली परवानगी न घेता काढलेल्या दोन खोल्या. हे सगळं निस्तरायला सामान्य कुटुंबाला वर्ष-दीड वर्ष चकरा माराव्या लागतात. बिल्डरकडे त्यासाठी माणूस असतो. भाव पाडून घर विकलं जाण्यामागे मला अनेकदा हाच थकवा दिसलाय.

पहिले तीन-चार बंगले गेले तरी गल्ली तग धरून राहते. सहा-सात गेले की ती बसते. दिवसाचा गोंगाट लोक सहन करतात, रात्र नाही करू शकत. दुकानं नऊला बंद होतात. मग समोर अंधार, बाजूला अंधार, फक्त एटीएमचा पांढरा उजेड आणि कोणाच्या तरी जनरेटरचा धूर. रात्री बारा वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर हाक मारायला शेजार नाही. गंमत बघा, समोर कार्डिऑलॉजिस्टची पाटी, आणि आत चिटपाखरू नाही. उरलेले म्हातारे जोडपे मग मनीषनगर किंवा बेसाकडे फ्लॅट स्कीममध्ये जातात, कारण तिथे लिफ्टमध्ये तरी कोणी भेटतं. तुमच्या गल्लीतले शेवटचे चार-पाच बंगले दोन-तीन वर्षांत पटापट गेले असतील. जवळपास सगळीकडे असंच होतं.

धंतोलीचं थोडं वेगळं. तिथे दुकानांऐवजी दवाखाने आले, आणि एक डॉक्टर आला की पाठोपाठ मेडिकल, पॅथॉलॉजी, एक्स-रे, बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी खानावळ. बैतूल, छिंदवाडा, यवतमाळ, चंद्रपूरहून माणसं येतात. तिथल्या पार्किंगचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. दोष डॉक्टरांवर टाकणं सोपं आहे. मी म्हणेन, बंगल्यात चार माणसांसाठी आखलेला प्लॉट दिवसाला दोनशे माणसं घेऊ लागला, आणि गल्ली मात्र चाळीस फूटच राहिली. दोन्ही कडांना गाड्या लागल्या की मधून एक रुग्णवाहिका जेमतेम निघते.

पार्किंगवरून माझाही एक गुन्हा कबूल करतो. २००० नंतर मी अशा प्लॉटवर एक चार मजली इमारत आखली. तळमजल्यावर खांबांमधलं पार्किंग, खाली बेसमेंट. नकाशा मंजूर, सगळं नियमात. दोन वर्षांनी गेलो तर पार्किंगमध्ये मेडिकल स्टोअर आणि बेसमेंटमध्ये क्लासची पंचाहत्तर बाकं. मी मालकाला बोललो, तो हसला. मी पुढे काही केलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा त्या बेसमेंटमध्ये छतापर्यंत पाणी होतं. पहाट होती म्हणून आत कोणी नव्हतं. सकाळी असतं तर, हा विचार मी अजून पुरता करू शकलेलो नाही.

आता तुमचं घर.

घाईने विकू नका आणि हट्टानेही धरून बसू नका. आधी कागद सरळ करा. आखीव पत्रिकेवर सगळ्या वारसांची नावं चढवा. पट्टा कोणाचा आहे, प्रन्यासाचा की नझूलचा (सरकारी जमिनीचा), ते बघा. दोन्हींची वाट निराळी. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आजच टाका. मागच्या अनधिकृत खोल्या नियमित होतात का, ते एखाद्या परवानाधारक माणसाकडून तपासून घ्या. हे सगळं केलेलं घर आणि न केलेलं घर, यांच्या भावात मला नेहमी मोठा फरक दिसलाय, आणि तो फरक बिल्डरच्या खिशात का जावा?

शेवटचं घर असण्याचा एक फायदाही आहे, जो तुम्हाला कोणी सांगणार नाही. तुमच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना पार्किंग नाही. तुमचा प्लॉट त्यांना तुमच्या अंदाजापेक्षा जास्त किमतीचा आहे. शेजारी पहिल्यांदा विचारेल तेव्हा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला, भाव सांगेल. तो ऐकून घ्या आणि चहा द्या, एवढंच.

राहायचंच असेल तर राहा, मला त्यात काही वेडेपणा वाटत नाही. मात्र सिमेंटचा रस्ता झाल्यापासून तुमचं जोतं रस्त्याच्या खाली गेलंय का, ते या पावसाळ्यापूर्वी पातळी लावून बघा. आजोबांनी तीन पायऱ्या चढून आत जाण्यासाठी बांधलेली घरं आता एक पायरी उतरून जायची झालीत. फाटकाशी आडवी जाळीची नाली आणि फाटकाला उंबरा करून घ्या. पंपाच्या भरवशावर राहू नका, कारण पाणी येतं त्याच रात्री वीज जाते. पश्चिमेचा कडुलिंब कोणत्याही परिस्थितीत तोडू नका. समोरची काचेची इमारत मे महिन्यात दुपारी ऊन तुमच्या भिंतीवर परतवते, ते हा कडुलिंबच अडवतोय.

आणि मागची विहीर. कधीही काहीही बांधायला घेतलं, तुम्ही किंवा तुमच्यानंतर कोणीही, तर ती नकाशावर दाखवा आणि नीट भरून घ्या. तुमच्याच भागातल्या एका इमारतीत लिफ्टचा खड्डा दरवर्षी ऑगस्टमध्ये पाण्याने भरतो. तीन कंत्राटदारांनी वॉटरप्रूफिंग केलं, काही उपयोग झाला नाही. तिथला चौकीदार सकाळी मोटर लावून पाणी गल्लीत सोडतो आणि येणारे-जाणारे म्हणतात, पाइप फुटला असेल. त्या जागी आधी होतं त्या घरच्या आजी त्याच पाण्यात कपडे धुवायच्या. मोजमाप घ्यायला गेलो होतो तेव्हा मीही रहाटाने काढून प्यायलो होतो.